मग त्या पुराच्या गाडीचं काय केलंत?

"मॅडम, दोन लाखांत कुठली घेऊ?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणाऱ्यानं यूट्यूबवर रात्री घालवलेल्या असतात, मायलेज तोंडपाठ असतं, त्याला फक्त माझ्या तोंडून नाव ऐकायचं असतं. का, तर मी पुराची, म्हणजे पुरात बुडून निघालेली, गाडी घेऊन फसले होते हे आमच्या शाळेतच काय, सांगलीच्या अर्ध्या विश्रामबागेत माहीत आहे. ठेच लागलेल्या बाईला रस्ता कळतो असा एक समज आहे.

तर नाव घ्या. वॅगन-आर, २०१० नंतरची, के सिरीज इंजिनाची. नाहीतर अल्टो के-१०. दोन्हीत टायमिंग चेन आहे. साध्या अल्टोत तिच्या जागी बेल्ट असतो, तो ठरावीक काळानं बदलावा लागतो, आणि कधी बदलला हे मागच्या मालकाला आठवत नसतं. या दोन्हींचं सामान जतपासून शिराळ्यापर्यंत कुठंही मिळतं. सांगली-मिरज एवढंच जायचं असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. गॅसचं किट बसवलेलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर चहा पिऊन परत या. पंधरा वर्षं भरत आलेली गाडी स्वस्त पडते, कारण रीपासिंग आणि पर्यावरण कर पुढं तुमच्या गळ्यात येणार असतो. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि दोन लाख आहेत म्हणून दोन लाखांची घेऊ नका. पावणेदोनची घ्या, पंचवीस हजार बॅटरी, टायर, क्लचला ठेवा.

एवढं ऐकून माणूस गेला असता तर हे लिहावं लागलं नसतं. पण जाता जाता तो हमखास विचारतो, "मग त्या पुराच्या गाडीचं काय केलंत?" मी म्हणते, "घातली भंगारात."

भंगारात घातली नाही.

२०१९ चा पूर इथं कुणाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोका म्हणतात आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नच्या वर होतं. माझं माहेर गावभागात. आईला आम्ही आधीच विश्रामबागला आणलं होतं, त्यामुळं माणसं वाचली, घर बुडालं. पाणी उतरल्यावर मी आणि भावजयीनं आठ दिवस चिखल काढला. कपाटाचे खण फुगून उघडत नव्हते. त्या खणांतून जो वास यायचा, ओल्या गोणपाटाचा, कुजक्या कागदाचा, थोडा रॉकेलचा, तो मी मरेपर्यंत ओळखीन असं तेव्हा वाटलं होतं.

जानेवारी २०२० मध्ये गाडी घ्यायची ठरली. तेव्हा सांगलीत एकच नियम होता: दहा पासिंग, म्हणजे सांगलीच्याच एमएच-१० नंबरची, नको. कोल्हापूरची नऊ पासिंगही नको. मीही तोच नियम धरला आणि स्वतःला फार शहाणी समजले. एका गाडी-बाजारवाल्याकडं २०१६ ची वॅगन-आर होती, बारा पासिंग, पुण्याच्या माणसाच्या नावावर. चंदेरी रंग, सत्तेचाळीस हजार किलोमीटर, तीन लाख पाच हजार. बाजारभावापेक्षा तीसेक हजार कमी. चारही टायर नवेकोरे. सीटला नवे कव्हर. आत दरवळ असा की मी दार उघडताच म्हटलं, "छान वास आहे."

हे वाक्य मी कुणाला सांगत नाही. जिनं आठ दिवस तो दुसरा वास उपसला होता, ती म्हणाली छान वास आहे.

आज मी लोकांना टायरवरचे चार आकडे वाचायला लावते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ४११९ होतं, म्हणजे २०१९ चा एक्केचाळिसावा आठवडा, ऑक्टोबर. पुरात टायर खराब होत नाहीत हे खरं, पण विकायला काढलेल्या गाडीला चार नवे टायर कोण घालतो? आदल्या वर्षीची पॉलिसीही मागायला लावते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, शून्यावर आला असेल तर क्लेम झालेला असू शकतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते, आणि गाडी लिलावात जाते. लिलावातली गाडी भंगारातच जाते असं थोडंच आहे. मला जुनी पॉलिसी दिलीच नव्हती. "संपली होती मॅडम, नवीन थर्ड पार्टी काढून दिलीय." मला ते उपकार वाटले.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गाडी ताडपत्रीखाली उभी. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि मी दार उघडलं तर आईचं कपाट.

शंभर फुटी रस्त्यावरच्या ज्या मेकॅनिकला आम्ही मामा म्हणतो त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. पुढच्या सीटचा पट्टा ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. मग सीटखालचं मॅटिंग उचललं, आतली माती बोटावर घेतली, भुकटीसारखी. "मॅडम, हिनं आंघोळ केलीया. सीटच्या वरपर्यंत." डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे पिन हिरवे पडले होते. इंजिन ठीक होतं. बुडाल्यावर कुणी स्टार्टर मारला नसावा, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉडच वाकतो. मामा म्हणाले, "वायरिंग बदलत बसा, नाहीतर देऊन टाका."

गाडी-बाजारवाला म्हणाला, तुम्ही बघून घेतलीय. पावतीवर 'आहे त्या स्थितीत' असं होतं आणि खाली माझी सही.

कागदांवरून पहिल्या मालकाचा नंबर काढला. भांडायच्याच तयारीनं फोन लावला. माणूस शांत होता. बदली होऊन सांगलीत आले होते, हरिपूर रोडला भाड्यानं राहायचे, गाडी खालीच उभी होती. पासिंग पुण्याचं, पाणी सांगलीचं. "पण मी पुराची म्हणूनच दिली त्यांना, पडेल त्या भावानं. तुम्हाला सांगितलं नाही?"

म्हणजे माझ्या आधी या साखळीत एक माणूस खरं बोलला होता. ही गोष्ट मला तेव्हा फक्त बाजारवाल्याविरुद्धचा पुरावा वाटली.

वायरिंगवर अठ्ठावीस हजार गेले. तरीही काचा मनाला येईल तेव्हा खाली यायच्या. सप्टेंबरपर्यंत जुन्या गाड्यांना मागणी आली, एसटीत बसायला लोक घाबरत होते. नवरा म्हणाला, काढून टाक, आपल्याला कुठं कुणी सांगितलं होतं? त्याच्यावर ढकलायचा मोह होतो. पण जाहिरात मी लिहिली. त्यात 'शिक्षिकेची गाडी' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

दसऱ्याच्या दहा-बारा दिवस आधी जतकडचा एक मुलगा आला. सोबत बायको, मास्कवरून फक्त डोळे दिसणारी. जत म्हणजे टँकरचा मुलूख, पुराची गाडी कशी ओळखायची हे त्याला कुणी शिकवणार? त्यानं हॉर्न वाजवला, एसी लावून बघितला, टायर बघून खूश झाला. माझ्याकडं सगळी फाईल होती, मामांच्या बिलांसकट, फक्त बिलांवर 'वायरिंग' एवढंच होतं. मी म्हटलं, इलेक्ट्रिकचं थोडं काम निघतं अधनंमधनं. दोन साठला दिली. त्यानं घासाघीस करायच्या आधीच मी दहा हजार उतरले होते, आणि त्या दहा हजारांचा आधार मी पुढं कितीतरी महिने घेतला. गाडी नावावर करायच्या फॉर्म एकोणतीस-तीसवर सह्या झाल्या. तो म्हणाला, "मॅडम, गाडीचं काय कळतंय आम्हाला, तुमच्याकडं बघूनच घेतली."

लोकांना मी पूर्वी हेच सांगायचे, गाडी बघू नका, माणूस बघा. घरची बाई असावी, नोकरदार असावी, फाईल नीट असावी. त्यानं नेमकं तेच केलं. तेव्हापासून हा सल्ला मी देत नाही. सीटबेल्ट ओढा म्हणते.

नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला. चिडलेला नव्हता, हेच वाईट. "मॅडम, एक विचारू का? काचा आपोआप खाली येतात. तुमच्या वेळी पण यायच्या का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग आमच्याकडंच काहीतरी झालं असंल," म्हणाला, आणि वर "सॉरी हं मॅडम" म्हणाला.

त्या एका 'नाही'चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. हो म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते, पैसे परत मागितले असते, तोवर ते पैसे आईच्या घराच्या प्लास्टरला गेले होते. हे कारण खरं आहे. पैसे शिल्लक असते तरी मी नाहीच म्हटलं असतं, हेही खरं असावं. मी फसवली गेले होते, असं मी स्वतःशी म्हणायचे, जणू फसलेल्याला एक फसवणूक माफ असते. कधी वाटतं, वायरिंग तर मी बदलून दिलं होतं, गाडी चालत होती, साठ-सत्तर टक्के तरी खरं बोलले होते. मग वाटतं, टक्के काढणारी मी कोण, गणिताची बाई म्हणून?

त्याला फोन करावा असं २०२१ च्या जुलैत वाटलं होतं, पाणी पुन्हा पन्नाशीच्या वर गेलं तेव्हा. केला नाही. त्याच वर्षी मी मिरजेतल्या एका निवृत्त रेल्वे गार्डकडून २०१२ ची वॅगन-आर घेतली. सकाळी सातला न कळवता गेले, बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली, चारही पट्टे शेवटपर्यंत ओढले. काका बघत होते. म्हणाले, "बाई, कुणी फसवलं होतं काय हो?" मी हो म्हटलं.

परवा एका सहकाऱ्याला हे सगळं, म्हणजे पट्टे, टायर, पॉलिसी, समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुमची कधी विकली तर आधी मला सांगा, तुमच्याकडची म्हणजे डोळे झाकून घेईन."

जतच्या मुलाचा नंबर माझ्याकडं अजून आहे, 'वॅगनआर जत' या नावानं. त्याच्या व्हॉट्सॲपच्या फोटोत झेंडूच्या माळा घातलेली चंदेरी गाडी आहे, बॉनेटवर नारळ, बाजूला ती बायको, या वेळी मास्क नसलेली. २०२० च्या दसऱ्याचा फोटो. त्यानं तो बदललेला नाही. गाडी अजून चालतेय म्हणून, की दुसरी घेता आली नाही म्हणून, हे बघायला मी अधूनमधून तो उघडते.