बोका ट्रेबाहेर शू करू लागला तेव्हा

आमचा बंड्या नसबंदी झालेला, लहानपणापासून लिटर ट्रे (शू-शीसाठी वाळूसारखं लिटर भरलेला ट्रे) वापरणारा बोका. गेल्या पावसाळ्यात तो एकाएकी पायपुसण्यावर शू करू लागला, मग मोरीत, मग थेट आमच्या गादीवर. जो तो आपापलं निदान सांगू लागला. "मुद्दाम करतोय." "लाडावलाय." "नाक घासा त्यात, बरोबर सुधारेल." मला हे एका क्षणासाठीही पटलं नाही. मांजर सूड म्हणून शू करत नाही. आपण ओरडलो की ते आणखी घाबरतं आणि आणखी आडोशाला जाऊन करतं, एवढंच.

मी त्याच्यावर लक्ष ठेवलं. ट्रेमध्ये जायचा, बराच वेळ बसून जोर लावायचा, दोन-चार थेंब टाकून बाहेर यायचा आणि शूची जागा चाटत बसायचा. मोरीतल्या पांढऱ्या फरशीवरचे थेंब फिकट गुलाबी दिसले, तशी त्याला उचलून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी पोट चाचपून मूत्राशय तटतटलेलं नाही ना, ते पाहिलं. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. तिथे खडा किंवा चिकट गाळ अडकून शू पूर्ण तुंबली, तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. म्हणून बोका जोर लावतोय आणि काहीच येत नाही असं दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. बंड्याची लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. खडे नव्हते, जंतुसंसर्गही नव्हता. मूत्राशयाला सूज होती, आणि तरुण मांजरांमध्ये ती बऱ्याचदा ताणामुळे येते, असं त्यांनी समजावलं. दुखणं कमी करायचं औषध दिलं आणि बजावलं की घरातली पॅरासिटामॉल चुकूनही द्यायची नाही, मांजरांना ती मारक असते.

दुखत असताना ज्या ट्रेमध्ये शू केली, त्या ट्रेचीच मांजराला धास्ती बसते. मग ते मऊ, वेगळी जागा शोधतं. गादीचं कोडं तिथे सुटलं.

आता ताण कसला? आमच्याकडे बंड्या आणि चिंगी अशी दोन मांजरं, ट्रे मात्र एकच, तोही झाकणाचा आणि वॉशिंग मशीनशेजारी. मशीन गरगरायला लागलं की बंड्या अर्ध्यावरच पळायचा, आणि बाहेर चिंगी वाट अडवून बसलेली. शिवाय रात्री गल्लीतला एक बोका खिडकीच्या ग्रिलवर येऊन फवारे मारून जायचा. (फवारणं वेगळं: उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर मारतात. बंड्या बसून करत होता.)

डॉक्टरांचा हिशोब सोपा: मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. ट्रे मांजराच्या अंगाच्या दीडपट लांब हवा. बाजारातले बहुतेक ट्रे छोटे पडतात, म्हणून आम्ही कपडे ठेवायचे मोठे प्लास्टिकचे टब आणले आणि एका बाजूने कापून आत शिरायला जागा केली. झाकण नाही. सुगंधी लिटर बंद. बारीक, बिनवासाचं, शू पडली की गोळे होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर साधारण दोन इंच भरतो आणि सकाळ-संध्याकाळ उपसतो. खिडकीच्या खालच्या काचेला धूसर कागद चिकटवला. कोरड्या खाण्याच्या जोडीला ओलं खाणं सुरू केलं, आणि मीठ-कांदा-लसूण न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी. पोटात पाणी जास्त गेलं की लघवी पातळ राहते.

वासाचं प्रकरण सगळ्यांत चिवट. मांजराच्या लघवीचा वास साबणपाण्याने पुरता जात नाही. वाळल्यावर वाटतं गेला, पण पावसाळी दमट हवेत पुन्हा भपकारा सुटतो, आणि आपल्याला येत नसला तरी मांजराला तो येतोच. मग तीच जागा पक्की होते. फिनाइल तर घरातून हद्दपारच केलं. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाही, आणि ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतंच. एन्झाइमवालं क्लीनर आणलं, डाग पूर्ण भिजेल इतकं ओतलं आणि आपोआप वाळू दिलं. अंधारात यूव्ही टॉर्च मारला तेव्हा सोफ्याच्या मागच्या बाजूलाही डाग चमकले, तेही धुतले. गादी मात्र टाकावी लागली.

बंड्या एका दिवसात ट्रेकडे वळला नाही. आधी दिवाणखान्यातल्या टबमध्ये, मग हळूहळू बाकीच्या दोन्हींत. मध्ये पाहुणे राहून गेले तेव्हा पायपुसणं पुन्हा ओलं झालं. ते उचलून ठेवलं आणि औषधासाठी फोन केला, तेवढ्यावर निभावलं. दिवाणखान्यात ट्रे बघून सासूबाई आधी नाराज होत्या, आता त्याच उपसतात. उपसताना गोळे बघायची सवय त्यांनाही लागली आहे: रोजचे मोठे गोळे ठीक, पण लहान-लहान पुष्कळ गोळे दिसले की त्याच दिवशी डॉक्टर.