नानांचा मुतखडा आणि चहाची गाळणी

मे महिना, चोपड्याकडचं ऊन आणि नाना रात्री दोनला उठून अंगणात येरझाऱ्या घालताय. उजव्या कुशीतून कळ निघायची ती थेट जांघेपर्यंत, बसवेना की झोपवेना. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन एक्स-रे काढायला लावला, त्यात काहीच नाही. मी म्हटलं सुटलो, तर डॉक्टर म्हणे एक्स-रेत सगळे खडे दिसत नाहीत, कॅल्शियमचा असला तर पांढरा ठिपका येतो, युरिक ॲसिडच्या खड्यातून किरणं आरपार जातात.

मग जळगावला सोनोग्राफी. तिथं खरं संकट पाण्याचं. लिटरभर पाणी पिऊन लघवी धरून बसायचं, पिशवी भरलेली असली तरच आवाजाच्या लहरी त्यातून नीट जातात आणि मूत्रनळीचं, म्हणजे किडनीतून पिशवीत येणाऱ्या नळीचं, खालचं टोक दिसतं. आमचा नंबर अठरावा. भिंतीवरचा गर्भलिंग निदान होत नाही हा बोर्ड नानांनी चारदा वाचला आणि मग मला हळूच, "भो, आते दम नही निंघस!" एवढं करून रिपोर्ट काय, तर उजव्या किडनीला सूज आहे पण खडा कुठं अडकला ते दिसत नाही, मूत्रनळीचा मधला भाग आतड्यातल्या गॅसमुळे झाकला जातो.

आता सीटी स्कॅन करा म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं, खोटं कशाला बोलू, कमिशनचा संशय आला. त्यात शेजारचे अण्णा फोनवर, एमआरआयच करून टाका, सगळं निघतं. डॉक्टर हसले. एमआरआय मणका, मेंदू, गुडघ्याच्या गादीला भारी, खडा त्यात धड दिसत नाही. सीटीत जवळपास सगळे खडे दिसतात, पण किरणं साध्या एक्स-रेपेक्षा बरीच जास्त म्हणून आधी सोनोग्राफी. डायचं, म्हणजे फोटोत आतले भाग उठून दिसावेत म्हणून देतात त्या औषधाचं, इंजेक्शनही नाही, डाय पण पांढरी नि खडा पण पांढरा, मग ओळखणार कसा? पाच मिनिटात नाना बाहेर. ७ मिमीचा खडा, नळीच्या मधोमध.

५ मिमीच्या आतले बहुतेक आपोआप पडतात, ७ चं नक्की नाही, पण ताप नाही म्हणून गोळ्या देऊन थांबले आणि लघवी गाळून करायला सांगितली, खडा सापडला तर तपासायला. बाराव्या दिवशी सापडला, नानांनी काडेपेटीत ठेवून अख्ख्या गल्लीला दाखवला.

नाना कोणती गाळणी वापरत होते ते आईला त्यादिवशी कळलं.