आधी भुवया घालवायच्या

ड्रॅग मेकअप, म्हणजे बहुतेकदा पुरुष स्त्रीरूपात मंचावर येताना करतात तो भडक मेकअप, शिकायला घेतला तेव्हा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला माझ्या भुवयांनी. जाड, काळ्याभोर, थेट आईच्या. लंडनच्या क्लबांत बायकांच्या चेहऱ्यावर हल्ली जो साज दिसतो, अर्ध्या कपाळापर्यंत चढलेली भुवई आणि कडेच्या बाहेर रंगवलेले ओठ, तो हवा असेल तर आधी स्वतःच्या भुवया झाकाव्या लागतात. व्हिडिओत शिकवणाऱ्या बहुतेकींच्या भुवया फिकट. त्यांचं थोडक्यात भागतं, आपलं नाही.

यासाठी लागते शाळेत कागद चिकटवायची साधी ग्लू स्टिक, बिनविषारी आणि पाण्याने निघणारी. आधी केसांच्या उलट दिशेने फिरवायची, म्हणजे गोंद मुळाशी जातो. मग सुलट फिरवून केस कातडीला चपटे बसवायचे. पूर्ण वाळू द्यायचं, पावडर दाबायची, पुन्हा थर द्यायचा. थर ओला असताना पुढे गेलं तर नाचताना घामाने कडा सुटतात. एवढं करूनही खालून निळसर काळी सावली डोकावतेच. तिच्यावर उपाय केशरी करेक्टर, म्हणजे सावलीचा रंग मारणारं क्रीम. गोऱ्यांसाठीचा फिका पीच आपल्या रंगावर राखाडी दिसतो. वरून फाउंडेशन, तेही थोपटून. घासलं की खालचं सगळं वर येतं.

मग कोऱ्या झालेल्या कपाळावर नवी भुवई. पापणीची घडीसुद्धा खऱ्या घडीच्या वर काढायची, खालच्या पापणीच्या आत पांढरी पेन्सिल, म्हणजे डोळा दुप्पट वाटतो. आरशासमोर हे भडक दिसतं, पण क्लबच्या निळ्या-लाल अंधारात बारीक काम गिळलं जातं. शेवटच्या रांगेपर्यंत चेहरा पोचावा म्हणून आपले रंगभूषाकार ठळक रेघा मारतात, तोच हिशेब इथे आहे. आणि बालगंधर्वांच्या नेसण्या-नटण्याची ढब त्या काळच्या बायकांनी उचलली होती हे तर आपण कौतुकाने सांगतो. स्त्री साकारणाऱ्या पुरुषाकडून बाईने नटायला शिकावं, यात मला काहीच उफराटं वाटत नाही.

मात्र शिकलो कोणाकडून हे विसरू नये. 1979-80 च्या सुमारास लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधल्या ब्लिट्झ क्लबात मुलं-मुली दोघंही चेहरे रंगवून यायची. 1985 मध्ये ली बॉवरी या कलाकाराने तिथल्याच लेस्टर स्क्वेअरला टॅबू हा क्लब सुरू केला आणि चेहरा म्हणजे सुंदरच दिसायला हवा ही अटच मोडून टाकली. ही कला ज्यांनी घडवली त्यांनी रस्त्यावर मार आणि शिव्या खाल्ल्या आहेत. त्यामुळे ड्रॅग शोला जाते तेव्हा मी टिप हमखास देते.

बाईने केलं तर ते ड्रॅग नव्हे, असं म्हणणारे अजून भेटतात. 2021 मध्ये व्हिक्टोरिया स्कोन 'रुपॉल्स ड्रॅग रेस यूके' या टीव्हीवरच्या ड्रॅग स्पर्धेत उतरली, त्या मालिकांच्या कुटुंबातली पहिली सिसजेंडर (जन्मापासून स्त्रीच मानली गेलेली आणि स्वतःलाही स्त्रीच मानणारी) स्त्री स्पर्धक म्हणून, तेव्हाही हा वाद झालाच. मला विचाराल तर गरज बाईलाच जास्त आहे. लहानपणापासून मला मेकअप शिकवला गेला तो डाग झाकायला, उजळ दिसायला, आणि वर 'केलाय असं कळता कामा नये'. इथे मेकअप दिसावा म्हणूनच करतात. त्या चेहऱ्याने मी क्लबात शिरले तेव्हा माझ्या रंगाबद्दल, वयाबद्दल मनात एकही प्रश्न नव्हता.

बाथरूमच्या रांगेत एका ड्रॅग क्वीनने माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि म्हणाली, "डोळे छान झालेत गं, पण ओठांचे कोपरे खाली ओढू नकोस, रडवेली दिसतेस." तेव्हापासून मी ओठ मधेच फुगवते आणि कोपरे आहेत तिथेच सोडते.

घरी आल्यावर कितीही झोप आली तरी उतरवताना धीर धरा. आधी क्लेन्झिंग बाम किंवा तेल, त्याने रंग सुटतो, गोंद नाही. गोंदासाठी कोमट पाण्यात पिळलेला पंचा भुवयांवर धरून ठेवायचा आणि केसांच्या दिशेनेच पुसायचं. खरवडलं तर भुवईचे केस हातात येतात. खोट्या पापण्यांचा गोंद काढून त्या डबीत ठेवल्या तर पुढच्या खेपेलाही चालतात.