काळोबा, भाग ९: अकरा सेकंदांचा छडा

परवा रात्री काळोबा, म्हणजे मी दुरुस्तीला घेतलेला जुना गेमिंग पीसी, सलग २२ मिनिटं चालला. मागचे दोन भाग ज्यांनी वाचलेत त्यांना या आकड्याची किंमत कळेल. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते, की याआधीचा उच्चांक ११ सेकंदांचा होता.

भाग ८ मध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की दोष काळोबाचा नाही, त्याच्या ब्रँडला विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा आहे. ते वाक्य मागे घेते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. चोर इथेच बसून हा भाग लिहितोय.

थोडी उजळणी. काळोबा त्याचा ब्रँड विकला गेल्यानंतरच्या काळातला. म्हणजे बाहेर बुटीक ब्रँडचा बिल्ला, आत एलजीए ७७५ सॉकेट, त्यात चार कोअरचा कोअर २ क्वाड प्रोसेसर, दोन ग्राफिक्स कार्डं आणि कारखान्यात भरून सील केलेलं लिक्विड कूलिंग. मूळ पंप माझ्याकडे आला तेव्हाच मेलेला होता आणि कूलिंगच्या लूपमधलं पाणी जवळपास संपलेलं. त्यात नवल नाही. रबरी नळ्यांच्या भिंतीतून वाफ वर्षानुवर्षं थोडी थोडी निसटत राहते, गळती कुठेच दिसत नाही. म्हणून नवा १८ वॅटचा पंप, प्रोसेसरवर बसणारा नवा तांब्याचा ब्लॉक, पाणी गार करणारा जुनाच रेडिएटर. पाणी खेळायला लागलं, एक थेंब गळला नाही, मी खूश. बटण दाबलं, पडद्यावर ‘पंप फेल’ अशा अर्थाची ओळ आली आणि अकराव्या सेकंदाला सगळं बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा अकरा.

मी आधी संशय कुणावर घेतला ते सांगते, कारण तो संशय आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेला आहे. जुन्या गेमिंग मशीनवाल्यांत २००६ सालाचा विषय निघाला की सुतक लागल्यासारखे चेहरे होतात. त्या मार्चमध्ये डेलने एलियनवेअर घेत असल्याचं जाहीर केलं, सप्टेंबरमध्ये एचपीने व्हूडू. एक १९९६ मध्ये मायामीत सुरू झालेली, दुसरी १९९१ मध्ये कॅलगरीत. सहा महिन्यांत दोन्ही घरं मोठ्यांच्या वाड्यात राहायला गेली. आणि मोठ्या वाड्यातला जुना किस्सा सगळ्यांना पाठ आहे: नव्वदच्या दशकाच्या शेवटी डेलच्या डेस्कटॉपमधला पॉवर सप्लायचा कनेक्टर दिसायला हुबेहूब एटीएक्स, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांचा नेहमीचा स्टँडर्ड, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. साधा सप्लाय लावला की बोर्ड किंवा सप्लाय यांपैकी कुणीतरी जायचं. हे किस्से ऐकत मोठी झालेली माणसं काळोबासारख्या मशीनमध्ये काही बिघडलं की पहिला प्रश्न विचारतात, ‘इथे पिना कुणी बदलल्यात?’

म्हणून दोन शनिवार-रविवार मी पॉवर कनेक्टरच्या २४ पिनांच्या मागे घालवले. मल्टीमीटरचा एक प्रोब केसच्या स्क्रूवर, दुसरा कनेक्टरच्या मागून एकेका भोकात, आणि वहीत रकाने. (इथे एक सल्ला: मीटरसोबत येणारे जाड प्रोब या कामाला निरुपयोगी आहेत. सुईसारखे बारीक टोक असलेले वेगळे घ्या. मी ते घेतल्यापासून मला चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं वाटेनासं झालंय.) निष्कर्ष: चोवीसच्या चोवीस पिना पुस्तकात दिल्याप्रमाणे. मदरबोर्डची भोकंसुद्धा साध्या एटीएक्सची. एवढं स्टँडर्ड मशीन बघून मला चक्क राग आला.

मग दुसरा तर्क. मदरबोर्ड पंपाच्या टॅक सिग्नलवर, म्हणजे तो किती वेगाने फिरतोय हे सांगणाऱ्या पल्सवर, नजर ठेवून असतो. पंखा असो वा पंप, एका फेऱ्यात साधारण दोन पल्स. बोर्डाला किमान वेग हवा असेल आणि नवा पंप त्याहून सावकाश फिरत असेल तर? हे तपासायला खोटा सिग्नल द्यायचा. पल्स काढणारी ५५५ टायमर चिप, दोन रेझिस्टर, एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), एक कपॅसिटर. १०० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ३००० फेरे. पॉट फिरवून हवा तो आकडा. ब्रेडबोर्डवर वीस मिनिटांचं काम.

इथे मशीनची अंतर्रचना डोळ्यांपुढे आणा. बोर्डावरचा पंपाचा हेडर, म्हणजे प्लग लावायच्या पिना, ड्राइव्हच्या पिंजऱ्यामागे आहे आणि तिथून येणारा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, अॅल्युमिनियमच्या बंद पन्हाळीतून पंपापर्यंत जातो. जुन्या पंपाला वायरी थेट डाग देऊन जोडलेल्या होत्या, म्हणून भाग ५ मध्ये मी त्या पंपाजवळ कापल्या. तीन मोकळी टोकं: काळं, लाल, पिवळं. नवा पंप जास्त करंट ओढतो, म्हणून त्याची वीज पॉवर सप्लायच्या मोलेक्स कनेक्टरमधून घेतली आणि त्याची एकटी हिरवी टॅक वायर हार्नेसला जोडली. कुठल्या टोकाला? मोलेक्समध्ये पिवळी म्हणजे १२ व्होल्ट. चार तारांच्या पंख्यातही पिवळी म्हणजे १२ व्होल्ट. काळी म्हणजे ग्राउंड. म्हणजे उरलेली लाल तीच टॅक. शाळेतलं गणित.

तर ५५५ चा आउटपुट मी त्या लाल वायरीला लावला. बटण दाबलं. अकरा सेकंद. आणि चिपवर बोट ठेवलं तर चटका.

मला घडलेलं सगळ्यात चांगलं काही असेल तर तो चटका. इनपुट वायर नुसती ऐकत बसलेली असते, ती माझ्या टायमरला तापवेल कशाला? तापतोय याचा अर्थ पलीकडून कुणीतरी जोरात रेटतंय. मीटर लावला: लालवर १२.१ व्होल्ट. पिवळीवरही व्होल्टेज होतं, पण तिथे १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडला की आकडा खाली बसायचा. लालला तोच रेझिस्टर जोडला तरी ती ढिम्म. म्हणजे लाल ही वीज आणि पिवळी ही पुल-अपवरची, म्हणजे रेझिस्टरमधून हळूच वर धरून ठेवलेली, टॅक. मग मोबाइलमध्ये भाग ३ चे फोटो उघडले. पिंजरा काढलेला असताना हेडरचा एक फोटो मी काढला होता, आणि त्यात प्लगच्या मधल्या पिनेवर ठसठशीत लाल वायर. मधली पिन म्हणजे १२ व्होल्ट, रंग काहीही असो. काळी-लाल-पिवळी ही तीन तारांच्या पंख्यांची जुनी, सरळ पद्धत आहे. तिच्यात पिवळी टॅकच असते. चार तारांवाल्यांनी तो रंग विजेला दिला. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीच ऐटीत समजावून सांगितलं असतं.

आता हिरवी पिवळीला जोडली की झालं, असं वाटलं ना? मलाही वाटलं. जोडली. अकरा सेकंद.

या ठिकाणी मी मशीन झाकून दोन दिवस त्या खोलीत गेलेच नाही.

तिसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर कळलं. टॅकचा आउटपुट म्हणजे पंपातला एक चिमुकला ट्रान्झिस्टर, जो सिग्नलची वायर फेऱ्यागणिक ग्राउंडला ओढतो आणि सोडतो. पुल-अपच्या रेझिस्टरमागून येणारा जेमतेम करंट ओढायला तो बनवलेला. मी त्याला कितीतरी दिवस थेट १२ व्होल्टवर बांधून ठेवला होता. धूर नाही, वास नाही, गडी गुपचूप गेला. पंप मात्र ठणठणीत फिरतोय, फक्त मुका झालाय. चूक एकच, पण ती सुधारल्यावर तिचं पिल्लू मागे राहिलं होतं, आणि दोघांचं लक्षण अगदी सारखं.

मग नवा ५५५, यावेळी पिवळ्या वायरीवर, ३००० फेऱ्यांचा खोटा सिग्नल. बटण. नऊ, दहा, अकरा, बारा. बाराव्या सेकंदाला ब्रँडचा लोगो आला आणि तो जाऊन विंडोज व्हिस्टाची हिरवी पट्टी सरकायला लागली. त्या पट्टीकडे मी इतक्या प्रेमाने व्हिस्टाच्या काळातही कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही कार्डं दिसली, चारही कोअर दिसले. २२ मिनिटांनी मीच बंद केला, कारण पहारेकऱ्याला भांग पाजून घरात झोपल्यासारखं वाटत होतं. उद्या पंप खरंच थांबला तरी ५५५ आपला ‘सब ठीक’ म्हणत राहणार. प्रोसेसर स्वतःला आवरतो हे खरं, पण त्याच्या भरवशावर एवढं पाणी खेळवायचं नाही.

बंद करता करता दोन मोजमापं मात्र घेतली. एक: पॉट हळूहळू फिरवत उंबरठा शोधला. ११०० आणि १२०० फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी बोर्ड कुरकुरायला लागतो. दोन: शेवटी चालू मशीनमध्ये सिग्नल तोडून पाहिला. पुन्हा अकरा सेकंद आणि बंद. म्हणजे ही राखण बूटपुरती नाही, चोवीस तासांची आहे. हे मला फार आवडलं. ज्या स्वभावाला मी महिनाभर शिव्या घातल्या, तो मुळात चांगलाच निघाला.

ठरलेला बेत असा होता: रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने १५०० फेरे देतो, त्याची टॅक पिवळ्या वायरीला द्यायची, ५५५ काढून टाकायचा आणि नवा पंप बघायचा. हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. पंख्याच्या टॅकमध्ये सिरीजला एक थर्मल स्विच घातला तर? तो बाय-मेटलचा, चपटा, बोटाच्या पेराएवढा येतो ना, केएसडी ९७०० नावाचा. नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेला आणि ६० अंशांना उघडणारा. तो ब्लॉकच्या तांब्याच्या कडेला चिकटवायचा. पंप थांबला, ब्लॉक तापला, स्विच उघडला, टॅक गायब, आणि अकरा सेकंदांत काळोबा आपणहून झोपला. बोर्डातल्या त्या चिडक्या बायोसलाच, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामलाच, राखणीला बसवायचं! पंखा मेला तरी हाच परिणाम. स्विच नळीवर बांधायचा नाही हे लक्षात ठेवा. प्रवाह थांबला की नळीतलं पाणी गारच राहतं, तापतो तो फक्त ब्लॉक. ६० जरा जास्त वाटतंय, म्हणून ५० चाही मागवलाय. लोड देऊन ब्लॉकच्या कडेचं तापमान मोजलं की ठरवेन.

मागवण्यावरून आठवलं. ज्या विक्रेत्याकडून पंप घेतला त्याने सोबत वायरिंगचा कागदच दिला नव्हता, आणि विचारलं तर ‘स्टँडर्ड आहे’ एवढंच उत्तर. स्टँडर्ड म्हणजे कुठलं, हे या छंदात कधीच कुणी सांगत नाही. स्विच दुसरीकडून मागवलेत. आणि क्रिंपिंगची स्वस्त पक्कड एकदाची कचऱ्यात गेली. रॅचेटवाली घेतल्यापासून एकही पिन सुटलेली नाही.

विकलेल्या ब्रँडबद्दलचं माझं मत या महिन्यात थोडं हललंय. काळोबाची बाजूची पत्री उघडली की बिल्ल्याच्या बरोब्बर मागे विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या पार्ट नंबरचं बारकोड स्टिकर आहे. पहिल्यांदा ते पाहून मी ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणाले होते. पण त्याच पत्रीआड साध्या मापाचा बोर्ड आणि स्टँडर्ड सप्लाय निघाला. एचपीचं व्हूडूबरोबरचं २००७ चं ब्लॅकबर्ड ००२ आठवा: एवढ्या मोठ्या कंपनीचं मशीन, आणि आत नेहमीचे, कुणालाही बदलता येतील असे एटीएक्स भाग. दोनच वर्षांनी त्याच घरातून फायरबर्ड आलं, लॅपटॉपच्या जातीची ग्राफिक्स कार्डं आणि विटेसारखा बाहेर ठेवायचा पॉवर सप्लाय घेऊन. खरेदीच्या दिवशीच सगळं बिघडतं असं म्हणणं आता मला जड जाईल. सुरुवातीची काही वर्षं जुनी माणसं आत असतात, आणि ते बोर्डावर दिसतं. नंतर नावं तेवढी उरतात. एन्व्ही आणि ओमेन ही आधी व्हूडूच्या मशीनांची नावं होती, हे आज ओमेन वापरणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

काळोबानंतर ब्लॅकबर्ड मिळवायचं हा बेत होता. तो आता दुसऱ्या नंबरावर. ब्रँड विकला जाण्याआधीचं एखादं मशीन आधी हवंय, शेजारी उघडं ठेवून दोघांचे हार्नेस ताडून बघायला. कुणाकडे नुसती केस पडून असेल तरी कळवा, आत काही नसलं तरी चालेल, मूळ वायरिंग मात्र हवं.

स्विच येईपर्यंत काळोबा बंद. पन्हाळीतून बाहेर आलेल्या पिवळ्या टोकावर श्रिंक स्लीव्ह चढवली आणि वर कागदी टेपची चिठ्ठी चिकटवली: ‘टॅक. बाई, ही टॅक आहे.’