साडेचार फूट

जुनी घरगुती रिळं घेऊन विकणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. सदाशिव पेठेत एक खोली आहे, तिथंच सगळा संसार: डबे, प्रोजेक्टर, दोन व्ह्यूअर, भिंतीला पांढरा रंग. दुसऱ्याच्या घरची मुंज-बारशी विकत कोण घेतं, असं लोक हमखास विचारतात. घेतात, पण मुंजीसाठी नाही. गिऱ्हाईकाला मुंजीच्या मागे दिसणारा रस्ता हवा असतो. वाफेचं इंजिन, टांग्यांचा अड्डा, दुकानांच्या पाट्या, पूल, याला भाव येतो. माणसांच्या चेहऱ्यांना येत नाही. मला हे पहिल्यापासून खटकत आलंय, पण बाजार तसाच आहे.

सांगतोय ती गोष्ट २०१९च्या श्रावणातली. दादरच्या एका डॉक्टरांच्या संग्रहातली अडतीस रिळं त्यांच्या मुलीनं माझ्याकडे विकायला दिली होती. मी त्यांना ताई म्हणतो. बरीचशी रिळं आठ मिलिमीटरची होती आणि सात सोळाची. सोळाचा कॅमेरा त्या काळात हौशी माणसाला परवडणारी गोष्ट नव्हती, डॉक्टरांनी मात्र जिवापाड हौस केलेली दिसत होती. प्रत्येक डब्यावर शाईनं, सुवाच्य अक्षरात मजकूर. एकावर लिहिलं होतं: ‘लकडी पूल. ना. पेठ, मुंज. मे १९५७.’

या एका ओळीवर मुंबईच्या संग्राहकानं अख्खा लॉट उचलायचं कबूल केलं आणि इसारही पाठवला. त्याचं बरोबरच होतं. १२ जुलै १९६१च्या सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. पुराआधीचं नदीकाठचं पुणं हलत्या चित्रात मिळणं दुर्मीळ, कारण ज्यांच्याकडे तसं काही असेल त्यांच्या घरांतच तर पाणी शिरलं. हे रीळ वाचलं ते डॉक्टर सासुरवाडीला येऊन, चित्रण करून, डबा घेऊन दादरला परतले म्हणून.

माल हातचा जाण्याआधी मालकाला एकदा सगळं दाखवायचं हा माझा नेम आहे. त्याला दिवस मोडतो, पण मी तो मोडू देतो. त्या दिवशी ताई सकाळीच आल्या. मी एकेक डबा उघडून आधी वास घेत होतो. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा आंबूस वास येतो, आणि तशी फिल्म चांगल्या रिळांशेजारी ठेवली तर त्यांनाही लागण होते. पाच डबे असे निघाले, ते लगेच बाहेर गॅलरीत ठेवले. मुंजीच्या रिळाला वास नव्हता, पण फिल्म आकसली होती. प्रोजेक्टरचे दाते भोकांत नीट बसले नसते. ओढ बसली असती तर भोकं फाटत गेली असती. आणि या फिल्मला निगेटिव्ह नसतं. कॅमेऱ्यात जी फिरली तीच धुवून पडद्यावर लावायची. जगात प्रत एकच. म्हणून मी ती व्ह्यूअरवर घेतली. याला पोस्टकार्डाएवढी काच असते, हातानं दांडी फिरवायची, तेवढ्याच वेगानं चित्र चालतं.

सुरुवातीला पूल. सायकली, धोतर-टोपीतली माणसं, खाली कोरडी नदी. मग वाड्याचा चौक. चौकात केळीची पानं मांडून ठेवलेली, आणि एक बाई ओणवी होऊन पानांभोवती रांगोळी काढतेय. कॅमेरा लागलाय हे कळताच ती वर बघते, हसते, पदर सावरते आणि पुन्हा कामाला लागते.

ताईंनी माझं मनगटच धरलं. “थांबा. ही आमच्यातली नाही. ही शेजारच्या बिऱ्हाडातली. हिची मुलगी अजून सहकारनगरात राहते.”

एकोणसाठ साली ती बाई तापानं गेली. मुलगी तेव्हा चार वर्षांची. भिंतीवर आईचा एकच फोटो होता, तो दोन वर्षांनी भिंतीसकट पुरात गेला. ताईंनी तिथूनच फोन लावला. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मुद्दाम गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

काकू दुपारी चारच्या सुमारास आल्या. चौसष्टीची बाई, हातात ओली छत्री, सोबत नातू. चहा नको म्हणाल्या, सरळ व्ह्यूअरपुढे बसल्या. मी दांडी फिरवायला गेलो तर म्हणाल्या, “मी फिरवू?” मी कुणाला फिरवू देत नाही. त्यांना दिली. हळू, एका चालीनं फिरवा, एवढंच सांगितलं.

त्या बाईचं चित्र अकरा सेकंदांचं होतं. सेकंदाला सोळा चौकटी, म्हणजे एकशे शहात्तर चौकटी, फुटाला चाळीस या हिशेबानं जेमतेम साडेचार फूट फिल्म. काकूंनी ती पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. आई वर बघते, हसते, खाली बघते. मागे फिरवलं की रांगोळी चिमटीत परत जाते. खोलीत फक्त दांडीचा आवाज. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

मग त्या थांबल्या. काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, “आई डावखुरी होती?”

मी वाकून बघितलं. रांगोळीची चिमूट डाव्या हातात होती.

“मी डावखुरी. शाळेत डाव्या हातानं पाटीवर लिहिलं म्हणून छड्या खाल्ल्या. आत्या म्हणायची, हे वळण आमच्या घराण्यातलं नाही, कुठून आलं कोण जाणे.”

माझ्या पोटात गोळा आला. सोळाच्या मूक फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात. ती उलट्या अंगानं बसली तरी सुरळीत चालते, फक्त आरशातल्यासारखं डाव्याचं उजवं दिसतं. हे रीळ माझ्याकडे आलं तेव्हा शेवटाकडून गुंडाळलेलं होतं, मीच ते फिरवून घेतलं होतं. माझ्या हातून चूक झाली असेल तर या बाईला मी खोटी आई दाखवत होतो. काकूंना तसं सांगितलं, आणि म्हटलं, “आत्ता खात्री करतो.”

पुलावर वाचता येईल अशी एकही पाटी नव्हती. मी दांडी पुढे फिरवत राहिलो. पंगत आली: मातृभोजन, बटू आईशेजारी बसलाय, घास उजव्या हातानं उचलतोय. एकट्या पोराचा काय भरवसा, म्हणून आणखी पुढे गेलो. पंगतीतली सगळीच माणसं उजव्या हातानं जेवत होती. मग भिक्षावळ. बटू उघड्या अंगानं समोर उभा, हातात दंड, आणि नवंकोरं जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे उतरलेलं.

“फिल्म सुलटी आहे, काकू,” मी म्हणालो. “तुमची आई डावखुरीच होती.”

त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. नातवाला म्हणाल्या, “बघितलंस?”

त्या संध्याकाळी मी संग्राहकाला फोन केला आणि मुंजीचं रीळ लॉटमधून काढलंय असं सांगितलं. तो रागावला, आणि रागवायचा त्याला हक्क होता, इसार त्यानं पुलासाठीच दिला होता. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला. पुलाचं स्कॅन त्याला पाठवायचं, उरलेली रिळं कमी भावानं द्यायची, असं ठरलं. ताईंना त्यात बरंच नुकसान सोसावं लागलं. त्यांनी माझ्यासमोर त्याचा उच्चारही केला नाही.

तेवढाच तुकडा कापून द्याल का, असं काकूंनी विचारलं होतं. मी नाही म्हणालो. फिल्म कापायची नाही, यावर मी कुणासाठीही हटत नाही. ताईंनी अख्खं रीळच त्यांना दिलं. मी ते नव्या डब्यात भरलं. कोरड्या, गार कपाटात ठेवा, गॅसच्या शेगडीपासून लांब, असं दोनदा बजावलं. डॉक्टरांच्या अक्षरातली पट्टी जुन्या डब्यावरून सोडवून नव्यावर चिकटवली.

काकूंनी माझ्याकडे पेन मागितलं. ‘मुंज’च्या खाली, डाव्या हातानं, त्यांनी आईचं नाव लिहिलं.