७५ मिनिटांची कॅण्डल अखेर सव्वानऊला उघडली

सुटलं एकदाचं! मिनिटामिनिटाच्या भावांवरून मी ७५ मिनिटांच्या कॅण्डल (तेवढ्या वेळातला भावाचा चढउतार दाखवणारे चार्टवरचे खांब) बनवतोय. मागच्या अपडेटमधला घोळ असा: सोमवारच्या कॅण्डल चोख, मंगळवारची पहिली नऊची, बुधवारची पावणेनऊची. एनएसईचं (राष्ट्रीय शेअर बाजाराचं) सव्वानऊला सुरू होणारं ३७५ मिनिटांचं सत्र बरोब्बर ५ कॅण्डलमध्ये बसतं म्हणून तर आपण ७५ वापरतो, आणि चार्टवर मंगळवारी ६ कॅण्डल, त्यातली शेवटची १५ मिनिटांची.

तासाचा चार्ट ऑफसेट देऊन (मोजणीची सुरुवात काही मिनिटं सरकवून) सरळ झाला होता, कारण दिवसाच्या १४४० मिनिटांना ६० ने भाग जातो. ७५ ने जात नाही, १५ उरतात. पांडाज या पायथॉन लायब्ररीचं रीसॅम्पल (छोट्या कॅण्डलच्या मोठ्या करणारं फंक्शन) पहिल्या दिवसाची मध्यरात्र धरून अखंड मोजत सुटतं, बाजार बंद असला तरी. त्यामुळे रोज १५ मिनिटांची घसरण. ५ दिवसांनी फेरा पूर्ण होतो खरा, पण तेव्हा असतो शनिवार! पुढचा सोमवार परत पावणेनऊला.

मग दिवसागणिक ग्रुप करून ओरिजिन 'स्टार्ट' ठेवलं, म्हणजे मोजणी त्या दिवसाच्या पहिल्या ओळीपासून. निफ्टीतल्या शेअर्सना छान चाललं. स्मॉलकॅपमध्ये (छोट्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये) ९:१८ ला पहिला सौदा झाला की मात्र अख्खा दिवस ३ मिनिटं पुढे. माझ्या ब्रोकरचा एपीआय (जिथून डेटा येतो तो) सौदा नसलेलं मिनिट सरळ गाळतो, निदान रिकामी ओळ तरी द्यावी की नाही?

शेवटी इंट्राडेपुरता रीसॅम्पलला रामराम. बाजार उघडल्यापासूनची मिनिटं काढायची, ७५ ने पूर्णांक भागाकार, आणि तारीख व त्या आकड्यावर ग्रुपबाय. उघडण्याची वेळ छोट्या टेबलातून घेतो, कारण २१ ऑक्टोबर २०२५ चं मुहूर्त ट्रेडिंग दुपारी पावणेदोनला सुरू झालं होतं. आता कॅण्डल उघडतात अशा: ९:१५, १०:३०, ११:४५, १:००, २:१५. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटशी ताडून पाहिलं, तंतोतंत. बराच वेळ नुसता झूम करत बसलो.

आता १२५ मिनिटांसाठी फक्त आकडा बदलायचा. त्यानंतर आरएसआयचं (भावाचा जोर मोजणाऱ्या निर्देशकाचं) पॅनेल घेणार होतो, पण हे लिहिताना सुचलं की याच आकड्यावरून कॅण्डल बंद होण्याची वेळही निघते. ५ मिनिटांच्या चार्टवर ७५ चा ट्रेंड जोडताना तीच हवी. सुरुवातीच्या वेळेवर जोडलं तर ९:२० च्या ओळीला साडेदहाचा क्लोज आधीच दिसतो आणि बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवरच्या चाचणीत) रोज दिवाळी. तेव्हा मर्ज-ॲझ-ऑफ (वेळेनुसार आधीची सर्वांत जवळची ओळ जोडणारं पांडाजचं फंक्शन) बंद होण्याच्या वेळेवर, आरएसआय नंतर.

आठवड्याच्या कॅण्डलला हात लावत नाही. तिथे शुक्रवारी तोडलं की १ फेब्रुवारी २०२५ चा बजेटसाठी बाजार चालू असलेला शनिवार पुढच्या आठवड्यात जाऊन बसतो. त्यापेक्षा रीसॅम्पलचा मुळातला रविवारी आठवडा संपवण्याचा हिशेबच बरा.