पितळी भाग काळे करताना

लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या किटमध्ये तोफा, कड्या, सुकाणूच्या बिजागऱ्या बहुतेक पितळेच्या येतात. त्या तशाच बसवल्या की जहाज दागिन्याच्या दुकानातलं वाटतं. खऱ्या जहाजावर यातलं पुष्कळसं लोखंडच असे. रंगाचा हात मारला तर बारीक कड्यांची भोकं बुजतात आणि दोरा ओवताना रंग खरवडला जातो, म्हणून मी रसायनानेच काळं करतो.

आधी प्रत्येक भागाच्या न दिसणाऱ्या कडेला कानस फिरवून बघतो. आतून पिवळाच निघाला तर पितळ. पांढरा निघाला तर मिश्रधातूवर नुसता मुलामा. त्यावर पितळ काळं करणारं द्रावण डाग पाडतं, त्याला वेगळं द्रावण लागतं. लिव्हर ऑफ सल्फर (पोटॅशियम आणि गंधकाच्या संयुगांचं मिश्रण) तांब्यावर झकास चालतं, पितळेवर मात्र फार मंद. पितळेला सेलेनियमचं द्रावण बरं.

खरं काम सफाईचं. किटमधल्या भागांवर लाखेचा पातळ थर किंवा तेल असतं. दहा मिनिटं अ‍ॅसिटोन, मग पाव लिटर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड घालून पंधरा मिनिटं. इथे चिमटा प्लास्टिकचाच हवा. वापरलेल्या अ‍ॅसिडमध्ये तांबं विरघळलेलं असतं. लोखंडी चिमटा बुडाला की तेच तांबं पितळेवर चढतं आणि भाग गुलाबी होतो. शेवटी धुताना पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर तेल शिल्लक आहे, पुन्हा पहिल्यापासून. यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. बोटाचा ठसा काळेपणात जसाच्या तसा उमटतो.

बाटलीतलं द्रावण मी कधीच थेट वापरत नाही. जोरकस द्रावणात भाग क्षणात काळा होतो खरा, पण तो थर काजळीसारखा वरवरचा असतो आणि पुसला की हातात येतो. एक भाग द्रावणाला आठ भाग डिस्टिल्ड वॉटर घेतो आणि भाग सतत हलवत राहतो, नाहीतर एकमेकांना चिकटलेल्या जागी पिवळे ठिपके राहतात. गडद चॉकलेटी झाला की बाहेर. कोळशासारखा होईपर्यंत थांबलो की थर सुटलाच म्हणून समजा. साध्या पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवतो, वाळल्यावर सुती फडक्याने हलकं घासतो. फिकट वाटलं तर दुसरी बुडी. डाख लावलेली जागा बऱ्याचदा उजळच राहते, तिथे काळ्या रंगाचा एक ठिपका.

सेलेनियम विषारी आहे. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची आणि उरलेलं मोरीत ओतायचं नाही. लिव्हर ऑफ सल्फरजवळ अ‍ॅसिड तर आणूच नये, हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

जहाजाच्या तळाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यांचं वेगळं. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवर असे पत्रे ठोकून पाहिले. त्याआधीच्या जहाजाच्या मॉडेलवर ते लावूच नयेत. अमोनियाच्या वाफेवर पत्रे हिरवे होतात, पण वाकवलेलं पितळ त्याच डब्यात ठेवलं तर अमोनियाने तडकू शकतं. माझ्या मते हा हिरवा कळंक लोक फार चढवतात. पत्रे हाताळून तसेच ठेवले तरी काही महिन्यांत तपकिरी होतात, आणि मला तेवढं पुरतं.

हे सगळं भाग जहाजावर बसवण्याआधी. लाकडात मुरलेला काळा डाग पॉलिश पेपरनेही निघत नाही.